किरकोळ जखमी

दौंडच्या आप्पांच्या सदऱ्याला दोन खिसे होते. डाव्या खिशात पेन्सिल असे आणि उजव्या खिशात शिंप्याची टेप. पेन्सिल सगळ्याच वार्ताहरांकडे असते. टेप मी फक्त त्यांच्याकडे पाहिली. पिवळी, कडेचे दोरे सुटलेली, पहिल्या दोन इंचांचे आकडे पुसून गेलेली. दवाखान्यात कुणाला फुटक्या डोक्याने आणलं की आप्पा आधी त्याच्या पायाशी उभे राहून हात जोडत. मग डॉक्टरांना विचारत, "मोजू का?" डॉक्टर हो म्हणाले की वाकून, श्वास धरून, जखमेला लागणार नाही अशी टेप तिच्यावर धरत. बातमीत लिहीत, 'डोक्याच्या डाव्या बाजूस सव्वातीन इंच जखम. अकरा टाके.' 'गंभीर' हा शब्द त्यांनी मला कधीच लिहून पाठवला नाही, आणि 'किरकोळ' हा शब्द तर त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती.

मी मूळचा शिरूरचा. सत्तरच्या सुमाराला पुण्यातल्या एका दैनिकात लागलो आणि जिल्ह्याच्या पानावर उपसंपादक म्हणून बसलो. आप्पा आमच्या पेपरचे दौंडचे एजंट. सकाळच्या गाडीने आलेले गठ्ठे फोडायचे, खुटबावचा गठ्ठा पॅसेंजरने आणि वरवंड-पाटसचे एसटीने धाडायचे, उरलेले अंक स्टेशनबाहेरच्या टपरीत विकायचे, हा त्यांचा धंदा. त्या काळी एजंट तोच वार्ताहर अशी सर्रास पद्धत होती. बातमीचं पाकीट दुपारच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिलं की चार-साडेचारला ते माझ्या टेबलावर येई. आप्पांचं पाकीट लांबून ओळखू यायचं, कारण ते सगळ्यांत जाड असे.

त्या जाडीची ऑफिसात थट्टा चाले. जिल्ह्याच्या पानाचे प्रमुख म्हणजे नाना. अंगाने बारीक, स्वभावाने प्रेमळ आणि लाल शाईच्या बाबतीत निर्दय. आप्पांची चार पानं हातात आली की ते म्हणत, "आला बघा शिंपी. आता याच्या बातमीला काज-बटणं तू कर." टेप आप्पा हे नाव नानांनीच पाडलं. त्यांचं म्हणणं असं की वाचकाला माप नको असतं, वजन हवं असतं. 'गंभीर' म्हटलं की वजन कळतं, 'किरकोळ' म्हटलं की काळजी मिटते. सव्वातीन इंचाचं वाचकाने करायचं काय? मी मान डोलवायचो. मला तेव्हा नानांसारखी लाल शाई चालवता यावी एवढीच हौस होती.

पहिल्यांदा दौंडला गेलो तेव्हा आप्पांनी मला चहा पाजला आणि टपरीवरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, 'वृत्तपत्रांचे ठोक व किरकोळ विक्रेते.'

"वाचा, शिरूरकर," ते म्हणाले. माझं आडनाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी मला कायम शिरूरकरच म्हटलं. "ठोक म्हंजी काय? गठ्ठाच्या गठ्ठा. आन् किरकोळ म्हंजी सुट्टं. एकेक. आता तुमच्या पेपरात मी काल वाचलं, मारामारीत चौघे किरकोळ जखमी. म्हंजी चौघांना एकदम न्हाई हाणलं. येकेकाला धरून सुट्टं सुट्टं हाणलं. तसं आसंल तर तुमचा शब्द बरूबर हाय."

मी खो खो हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझा रिकामा कप विसळून पालथा घातला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला अंक दिला. आप्पा म्हणजे पंचेचाळिशीचा, काळासावळा, हनुवटीवर एक जुना व्रण असलेला माणूस. तो व्रण कसला हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दुष्काळाच्या वर्षी मी त्यांना काम करताना पाहिलं. एका दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांनी हातोड्या खाली टाकल्या होत्या. तीन आठवडे धान्य आलं नव्हतं, म्हणून हजारभर माणूस रस्त्यात बसला होता. मी आणि आप्पा खडीच्या ढिगाच्या आडोशाला उभे. साहेबाची जीप आली, कर्ण्यावरून दोनदा सूचना झाली, आणि तिसऱ्या सूचनेऐवजी काठ्याच आल्या. पळायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना खडी. माणसं खडीवर चढायला बघत, खडी पायाखालून सरके आणि ती पुन्हा काठीखाली येत. बांगडीसकट मनगट मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी ऐकला. एक म्हातारा डोक्यावर घमेलं उपडं धरून उकिडवा बसला होता आणि घमेल्यावर काठ्या वाजत होत्या. मी ढिगामागे बसकण मारली. आप्पा उभेच होते.

सगळं शांत झालं तेव्हा रस्त्यावर एक तुटलेली काठी पडली होती. आप्पांनी टेप काढली, दोन्ही तुकडे जुळवून काठी मोजली आणि कागदावर टिपून घेतलं. एक पोलीस धावून आला. "काय करतोयस रं?"

"मोजतूय, साहेब," आप्पा म्हणाले. "तुमची हाय नव्हं? घ्या. कुनाच्या तरी पाठीवर मोडली."

त्याने ती काठी आप्पांच्या हातातून ओढून घेतली आणि त्यांच्या पोटरीवर एक ठेवून दिली. आप्पा लंगडत माझ्याजवळ आले, पोटरीची गाठ त्यांनी मापली आणि तीही लिहिली. संध्याकाळी सरकारी पत्रक आलं, 'जमाव पांगविण्यासाठी सौम्य लाठीमार करावा लागला.' नानांनी पत्रक घेतलं. आप्पांच्या चार पानांतलं 'मनगटाचं हाड मोडलेल्या तीन स्त्रिया' एवढं मी कसंबसं शेवटच्या ओळीत घुसवलं. ते तसंच छापून आलं. सौम्य लाठीमार, आणि खाली तीन मोडलेली मनगटं. आप्पा त्यावर महिनाभर बोलत होते. "सौम्य तापाला गोळी देत्यात, शिरूरकर. सौम्य काठीला पलस्तर लागतंय. ह्या शब्दाला बाटलीत भरून ठिवा, लई गुणाचा हाय."

आप्पा बौद्ध होते. आमच्या ऑफिसात त्या शब्दाचं काय करायचं हे कुणाला नीट उमगलं नव्हतं. आप्पा लिहीत 'बौद्ध वस्ती', नाना लाल शाईने करत 'हरिजन वस्ती'. आप्पा पुन्हा 'बौद्ध' लिहीत. एकदा त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहून पाठवलं, 'आम्ही काय आहोत हे आम्हाला छप्पन्न साली कळले. तुम्हाला कधी कळवू?' नाना वाचून हसले आणि 'नवबौद्ध' या तोडग्यावर आले. आप्पांना तेही रुचलं नाही. "नव कुठवर?" त्यांनी मला विचारलं. "माझी पोरगी सोळा वर्साची झाली. तीबी नवीच का?" पण हे सगळं ते खेळीमेळीनं घेत. मला वाटे, त्यांना हा खेळ आवडतो. मला काहीच कळत नव्हतं, हे त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कळलं.

भीमेच्या काठाला, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके जिथे नदीपलीकडून एकमेकांकडे बघतात, तिथलं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून एकाच पाणवठ्यावर जातात. त्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. दोन पॅनेल होती. बौद्ध वस्तीची सगळी मतं एका पॅनेलला गेली आणि ते जिंकलं. वस्तीतला दगडू नावाचा माणूस त्या पॅनेलचा पोलिंग एजंट होता. मतदान केंद्रात दिवसभर यादी घेऊन बसला, दोन बोगस मतांना त्याने हरकत घेतली, एवढाच त्याचा गुन्हा. निकाल लागला, गुलाल उधळला, वस्तीच्या दारातही मूठ मूठ पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी हरलेल्या पॅनेलची साठ-सत्तर माणसं वस्तीवर चालून आली.

कुऱ्हाडीचे दांडे होते, सायकलच्या साखळ्या होत्या. त्यांनी आधी दारं फोडली, मग रांजण. बाया पोरांना पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, तर त्यांच्या पाठीवर साखळ्या ओढल्या. दगडू घराच्या छपरावर होता. पाय धरून त्याला खाली खेचला आणि अंगणातल्या दगडी उखळाशी नेऊन मारला. एक जण दर फटक्याला विचारत होता, "हरकत हाय का?" दगडू पहिल्या दोन वेळा "हाय" म्हणाला. हे त्याची बायको अनुसया हिने आप्पांना सांगितलं, आप्पांनी जसंच्या तसं लिहून मला पाठवलं, आणि म्हणून ते मला माहीत आहे.

आप्पा तिसऱ्या दिवशी सकाळी तिथे पोचले. पोलीस येऊन गेले होते. तपासाला आलेल्या माणसाने भिंतीवरचा लाल शिंतोडा बघून म्हटलं होतं, "हा गुलाल दिसतोय, परवाचा." आप्पांनी त्या शिंतोड्यावर नख लावलं. बातमीत त्यांनी लिहिलं होतं, 'गुलाल झटकला की उडतो. हे खरवडावे लागले.' पुढे, दवाखान्यात पडलेल्या दगडूसकट, एकोणीस माणसांची नावं आणि एकोणीस मापं. मथळाही त्यांनीच दिला होता, 'निवडणुकीच्या रागातून बौद्ध वस्तीवर हल्ला.'

ते पाकीट माझ्या टेबलावर आलं तेव्हा पानावर दीड इंच जागा उरली होती. नाना रजेवर होते. पान माझ्या एकट्याच्या हातात होतं, हे मी मुद्दाम सांगतो. मी तालुक्याच्या पोलिसांना फोन लावला. तिकडून आवाज आला, "दोन गटांचं आहे हो. किरकोळ आहे." मी लाल शाई उचलली आणि सात ओळी केल्या. त्या मला पाठ आहेत.

'ग्रामपंचायत निवडणुका तालुक्यात शांततेत पार पडल्या. एका गावी दोन गटांत झालेल्या हाणामारीत काही जण किरकोळ जखमी झाले. परिस्थिती नियंत्रणात आहे.'

मला कुणाचा फोन आला नव्हता. कुणी पुढारी येऊन बसला नव्हता. कुणी दम दिला नव्हता. असं काही झालं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. हात आपोआप गेला. 'हल्ला' खोडून 'हाणामारी' लिहिताना मला शब्द गुळगुळीत केल्याचं समाधानच झालं. एकोणीस नावं आणि एकोणीस मापं टेबलाखालच्या टोपलीत गेली.

दगडू चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला. माझ्या बातमीप्रमाणे तो किरकोळ जखमी होता.

त्या सात ओळी गावात पोचल्या त्या आप्पांच्याच गठ्ठ्यातून. हरलेल्या पॅनेलच्या पुढाऱ्याने ते कात्रण खिशात घातलं आणि जिथे जिथे जबाब झाले तिथे तिथे ते टेबलावर ठेवलं. पेपरवालेच म्हणतात, दोन गट. म्हणजे मारणारा एक गट आणि मार खाणारा दुसरा. दोन गट म्हटल्यावर दोन्हीकडची माणसं धरणं आलं. वस्तीतले सहा जण आत गेले. त्यांतल्या एकाचे दोन्ही हात गळ्यात बांधलेले होते. अनुसयेच्या भावाला तर तिरडीपासून दहा पावलांवर धरला, हाणामारीत सामील म्हणून.

मग आप्पा पुण्याला आले. ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते. धुवट सदरा, धुवट टोपी, हातात कात्रण. नाना कामावर परतले होते. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत.

"नाना," ते म्हणाले, "मला काय मोठं छापून नगं. कुनाला शिव्या नगं. एक शब्द बदला. हाणामारीच्या जागी हल्ला. आन् दगडू मेला येवढं लिवा. कोर्टात तुमचाच कागद दावत्यात, तवा तुमच्याच कागदानं तो फिरला पायजे. वस्तीचे सा जन आत हायेत."

नाना कळवळले, खोटं कशाला बोलू. पण म्हणाले, "आप्पा, शुद्धिपत्र नावाच्या चुकीला असतं. तारखेच्या चुकीला असतं. शब्दाला कसं देणार? आणि प्रकरण आता कोर्टात आहे. हल्ला म्हणायचं की काय म्हणायचं, ते कोर्ट ठरवील."

"आन् हाणामारी कुनी ठरवली?"

नानांनी टेबलावरच्या कागदांची चळत सारखी केली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मजकूर माझा होता हे त्यांना कळलं होतं, कारण माझी वाक्यं त्यांना ओळखू येत; माझी पत्रं ते जपून ठेवत. मी तोंड उघडायला हवं होतं. 'नाना, चूक माझी, दोन ओळी मी लिहितो,' एवढं म्हणायला काय लागत होतं? मी प्रुफांचा गठ्ठा पुढे ओढला आणि वाचायचं सोंग केलं. आप्पा जिन्याने खाली गेले तेव्हा त्यांच्या वहाणांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

पण ते थांबले नाहीत. रोज एक पाकीट येऊ लागलं. 'वस्तीवरील हल्ल्यातील सहा निरपराधांचा जामीन नामंजूर.' 'वस्तीवरील हल्ल्यातील मयत दगडू यांची पत्नी कामावरून कमी.' प्रत्येक बातमीत तो शब्द अंगठीतल्या खड्यासारखा बसवलेला. नाना प्रत्येक वेळी तो काढत. पंधरा-सोळा पाकिटं अशी गेली. मग एके दिवशी पाकिटाची वेळ व्हायच्या आधीच फोन आला. आप्पांना भर बाजारात मारलं होतं.

मंगळवार होता, सकाळी आठचा सुमार. ते गठ्ठ्याची सुतळी सोडत उकिडवे बसले होते. तिघे आले. पहिला फटका पाठीमागून डोक्यात. आप्पा अंकांवर पडले, तेव्हा दुसऱ्याने त्यांचा उजवा हात टपरीच्या फळीच्या कडेवर आडवा धरला आणि तिसऱ्याने त्यावर पहारीचा घाव घातला. मग त्यांच्या खिशातली टेप काढून गळ्याभोवती आवळली. "घे माप," असं म्हणत होते म्हणे. बाजारातली माणसं बघत होती. गठ्ठ्यातले सव्वाशे अंक रक्ताने एकमेकांना चिकटले. ते नंतर सुटे करता आले नाहीत.

मी दुपारी दवाखान्यात पोचलो. आप्पांचं डोकं बांधलेलं, उजव्या हाताचा कोपरापासून खाली लगदा झालेला, गळ्याभोवती टेपेचा निळा वळ. डोळे उघडे होते. डॉक्टर पट्टी बदलायला आले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उशीखाली चाचपलं आणि टेप काढून माझ्यापुढे धरली.

"मोजा," ते म्हणाले.

"आप्पा, राहू द्या."

"मोजा, शिरूरकर. तुमी कवा मोजली न्हाई अजून."

मी मोजली. डॉक्टरांनी दुसरं टोक धरलं. पाच इंच आणि वर दोराभर. कवटी जिथे दबली होती तिथे टेप खाली वाकली, ते माझ्या बोटांना कळलं. मी टेप गुंडाळू लागलो तेव्हा आप्पांनी विचारलं, "किती भरली?" मी सांगितलं. "किरकोळ म्हनायची का?" एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

त्या दिवशी मी पेटलेला परत आलो. नानाही पेटले होते. आपल्या माणसाला हात लावला होता ना. बातमी पहिल्या पानावर गेली, चार कॉलमी मथळ्याने: 'आमच्या दौंडच्या वार्ताहरावर भ्याड हल्ला.' माप दिलं, टाके दिले, गळ्याचा वळ दिला. नानांनी एक अक्षर खोडलं नाही. मला वाटलं, आता फिटलं. अंक घेऊन मी स्वतः दौंडला गेलो आणि आप्पांच्या डोळ्यांसमोर धरला.

त्यांनी मथळा वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मी अंक खाली घेतला.

"मला हल्ला दिलात," आप्पा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "चार कॉलम. वर भ्याड बी दिलंत. मी मागितला व्हता का? मी दगडूसाठी मागत व्हतो. तो मेला, त्याला हाणामारी. मी जिता हाय, मला हल्ला. म्हंजी शब्द तुमच्यापाशी व्हता. कपाटात व्हता. आमच्यासाठी काढायचा नव्हता, तुमच्या मानसासाठी काढला."

"तुम्ही आमचेच आहात, आप्पा."

"तेच तर म्हनतोय. मी तुमचा म्हनून. वस्तीतला म्हनून न्हाई."

त्यांनी डाव्या हाताने अंक परत दिला आणि त्या दिवशी आमच्या पेपरचं वार्ताहरपण आणि एजन्सी दोन्ही सोडली. उजव्या हाताने पुढे त्यांना लिहिता आलंच नाही. डोकं दुखायला लागलं की भिंतीला कपाळ टेकून बसत, असं कानावर येई. वस्तीतले सहा जण सात महिन्यांनी सुटले. मारणाऱ्यांतला कुणी एक दिवस आत गेला नाही. मी दोनदा आप्पांच्या घरी गेलो. दोन्ही वेळा चहा मिळाला, शिरूरकर म्हटलं गेलं, आणि बोलणं हवापाण्यावर राहिलं.

पुढे आणीबाणी आली. आमच्या पानांवर परक्या माणसाची लाल शाई फिरू लागली. अटकेचं स्थानबद्ध झालं, दडपणाचं शिस्त झालं, आणि आम्ही सगळे उपसंपादक दात-ओठ खात हिंडू लागलो. मीही खाल्ले. पण एकदा एक शब्द खोडलेला बघत बसलो असताना माझ्या मनात आलं, की या माणसाला निदान हुकूम आहे. माझ्या हाताला त्या दुपारी कुणाचा हुकूम होता? त्या दिवसापासून मला सेन्सॉरवर नीट रागावताही आलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा दौंडच्या नव्या वार्ताहराचं पाकीट आलं. पातळ, दोन ओळींचं. नाना निवृत्त झाले होते, त्यांच्या खुर्चीवर मी होतो. मजकूर असा: 'येथील जुने वृत्तपत्र विक्रेते आप्पा यांचे काल अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.'

अल्पशा. त्या नव्या वार्ताहराचा काही दोष नव्हता. सगळी माणसं पेपरात अल्पशा आजारानेच मरतात. त्याचा हातही आपोआप गेला होता. मी लाल शाई उचलली, तो शब्द खोडला. नाना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मला कुणी अडवलं नव्हतं. मला माझी लाज आडवी येत होती, दुसरं काही नाही. मग मी लिहिलं:

'आमचे दौंडचे माजी वार्ताहर आप्पा यांचे सहा वर्षांच्या आजाराने निधन झाले. भीमेकाठच्या बौद्ध वस्तीवरील हल्ल्याच्या बातम्या दिल्याबद्दल त्यांना मारण्यात आले होते. त्या मारातून ते पुरते सावरले नाहीत. त्या हल्ल्यात दगडू हे मरण पावले. या दैनिकाने त्या वेळी हल्ल्याला हाणामारी आणि दगडू यांच्या जखमेला किरकोळ म्हटले होते. ते चूक होते. चूक हे लिहिणाऱ्याची होती.'

अंक निघाला तशी मी एसटी पकडली आणि थेट वस्तीवर गेलो. अनुसयाबाईंना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चाळिशीची बाई, पाठीला किंचित बाक, दारात उखळाशेजारी डाळ निवडत बसलेली. उखळ तेच असावं. मी कोण ते सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं, पण बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच बातमी वाचून दाखवली. 'हल्ला' या शब्दाशी तिने हात वर केला.

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आप्पा दर म्हैन्याला यायचे. म्हनायचे, छापतील बाई, शब्द हाय त्यांच्यापाशी." तिने अंक हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि विचारलं, "आन् त्याचं माप कुठं हाय?"

"माप?"

"आप्पांनी मोजलं व्हतं की. माज्यासमूर. दवाखान्यात. दोन बारी मोजलं, चूक नगं म्हनून. लिवूनबी घेतलं."

ते माप मी टोपलीत टाकलं होतं. एकोणीस मापांतलं ते एक, आणि मला ते आठवत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. हेही सांगितलं, की तो कागद मीच फेकला.

तिने डोक्यावरचा पदर मागे सारला, उजव्या हाताची चार बोटं एकमेकींना चिकटवली आणि ती आपल्याच डोक्यावर, कानाच्या वर, आडवी ठेवली. अंगठा जवळ आणला, थोडा विचार केला, आणि अंगठाही त्यांना लावला.

"येवढी व्हती," ती म्हणाली. "लिवून घ्या."